गाऱ्हाणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'दुःखातून श्रद्धेकडे' या विषयावर ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या आधारे चार शब्द सांगा, असं मला सांगण्यात आलं. मी लगेच होकार दिला आणि मग दोन दिवस पस्तावलो. विषयाच्या नावातच रस्ता आखून दिलेला आहे. एका टोकाला दुःख, दुसऱ्या टोकाला श्रद्धा, आणि मधलं अंतर आपण कापायचं. लांज्याला एस.टी.त बसलं की पाली, हातखंबा करत रत्नागिरी येतेच, तसं काहीसं. माझी गाडी एवढी सरळ गेली नाही. म्हणून जे घडलं तेच सांगतो.

मी प्राथमिक शिक्षक होतो. वडील नगरकडचे. नोकरीच्या निमित्तानं मी या जिल्ह्यात आलो आणि लांज्याचाच झालो. महामार्गापासून थोडं आत, जांभ्याच्या चिऱ्यांचं साधं घर आहे. वाडीत आमचं एकच ख्रिस्ती घर. उपासनेला रत्नागिरीला जायचं. ते जमलं नाही तर घरीच बायबल उघडून बसायचं. आमच्या सौभाग्यवती मात्र याच मुलखातल्या. ख्रिस्ती कुटुंबातल्या असल्या तरी पालखी, शिमगा, भजनाची डबलबारी हे सगळं कानावर घेत वाढलेल्या.

२०१४ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. रात्री पाऊस असा लागला होता की अंगणातला माड दिसत नव्हता. ही पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसली. हाक मारली तर ओ देईना. शेजारच्या काकांनी गाडी मिळवली, त्या पावसात रत्नागिरी गाठली. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद पडला की उजवा हात, उजवा पाय आणि पुष्कळदा वाचा जाते, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हिचं तिन्ही गेलं. समजायचं सगळं. डोळ्यांत दिसायचं. शब्द तेवढा येईना.

घरी आणल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. कोकणात माणूस आजारी पडला की दार बंद ठेवता येत नाही, आणि ते बरंच आहे. कुणी शहाळी आणली, कुणी घरचे तांदूळ. पण येणारा प्रत्येक जण जाताना एक कारणही ठेवून जाई. देव आपल्या माणसांचीच परीक्षा घेतो, असं एक जण म्हणाले. घरात प्रार्थना नियमित होते ना, असं दुसऱ्यांनी हळूच विचारलं. वाडीतल्या एका वृद्धांनी घराची दिशा पाहिली. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. मला त्यांचा राग यायचा आणि पाठोपाठ लाजही वाटायची, कारण तीस वर्षं इतरांच्या ओट्यावर बसून मीही हेच बोलत आलो होतो.

बायबलच्या जुन्या करारात ईयोब नावाचं पुस्तक आहे. बेचाळीस अध्यायांचं. ईयोब हा सज्जन माणूस. त्याची गुरंढोरं जातात, सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी मरतात, मग अंगभर गळवं उठतात. तो राखेत बसून खापरीनं अंग खाजवतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र त्याला भेटायला येतात. त्याची ती दशा पाहून सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. एक शब्दही बोलत नाहीत. माझ्या मते त्या तिघांनी सबंध पुस्तकात केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच. पुढे ईयोब तोंड उघडतो, आपल्या जन्माच्या दिवसालाच शिव्याशाप देतो, आणि मित्रांना राहवत नाही. ते समजूत घालू लागतात. तुझं काहीतरी चुकलं असेल, देव अन्याय करत नाही, पश्चात्ताप कर. ईयोब ऐकत नाही. तो देवालाच वादासाठी बोलावतो.

गंमत अशी की देव खरोखरच बोलतो, पण कारण सांगत नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, समुद्राला दार कुणी लावलं, रानगाढवाला मोकळं कुणी सोडलं, असे प्रश्न तोच विचारतो. आणि शेवटी तो रागावतो ते ईयोबावर नव्हे, मित्रांवर. माझ्याविषयी हा ईयोब बोलला तसं तुम्ही खरं बोलला नाहीत, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं आहे. देवाची बाजू घेणारे खोटे ठरले आणि त्याच्याशी भांडणारा खरा ठरला. हे मी लहानपणापासून वाचत आलो होतो. वाचलं होतं म्हणण्यापेक्षा डोळ्यांखालून गेलं होतं, इतकंच.

पुढे ईयोबाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. हा शेवट मला पटत नाही, तेही सांगून टाकतो. आधीच्या दहांचं काय?

तर संध्याकाळी हिची पेज-औषध झाली की मी तिच्याजवळ बसून स्तोत्रसंहिता वाचू लागलो. बायबलमध्ये दीडशे स्तोत्रं आहेत. रोज एक, क्रमानं. मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र पुष्कळांना माहीत असतं, त्यामुळे सगळी स्तोत्रं तशीच शांतवणारी असतील असा समज आहे. प्रत्यक्षात त्यांतली तिसऱ्या हिश्शाच्या आसपास तक्रारीची आहेत. देवा, किती दिवस? तू झोपलास काय? माझ्याकडे पाठ का फिरवलीस? मात्र ही तक्रार बहुधा अखेरीस वळण घेते आणि स्तुतीवर येऊन थांबते.

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तसं नाही. हेमान नावाच्या गायकाच्या नावावर ते आहे. बोलणारा माणूस मरणाच्या दारात आहे, मित्र दूर गेले आहेत, रोज सकाळी हाक मारूनही उत्तर येत नाही. आणि हे स्तोत्र वळत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. सत्त्याऐंशीवं वाचून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पान उलटून एकोणनव्वदावं काढलं. आजारी माणसापुढे असलं कशाला वाचायचं, हा शिक्षकी विचार. तर हिचा डावा हात आला आणि पानावर बसला. मी हलकेच बाजूला केला. पुन्हा आला.

ते बायबल तिचंच होतं, माहेरून आणलेलं. पान मागे घेतलं तेव्हा अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ दिसली, आणि तिच्याखाली '७९' असा आकडा.

१९७९ साली आमचं पहिलं बाळ अठरा दिवसांचं होऊन गेलं. मी त्या वेळी तरुण होतो, सभेत प्रार्थना चालवत होतो, आणि देवाची इच्छा, आता रडायचं नाही, असं तिला सांगितलं होतं. ती माझ्यासमोर रडली नाही. पस्तीस वर्षं मी ती तिची श्रद्धा समजत होतो. ती रडायला कुठे गेली होती ते त्या रेघेनं मला सांगितलं. तिची वाचा गेल्यावर.

मी ते स्तोत्र वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर मी काहीच बोललो नाही. मला बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

रत्नागिरीच्या वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी पाटी-पेन्सिल घ्यायला सांगितलं. आयुष्यभर पहिलीच्या मुलांना जे शिकवलं ते मी बायकोला शिकवू लागलो. डाव्या हातानं अ, आ, इ. ती कंटाळायची, पाटी ढकलून द्यायची. त्याच सुमारास माझ्या वाचनात विलापगीतं आली. बाबिलोनच्या सैन्यानं इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम जाळलं, त्याच्या आक्रोशाचं हे पाच अध्यायांचं पुस्तक. मुळातल्या हिब्रूत यातली पहिली चार गीतं मुळाक्षरांच्या क्रमानं रचलेली आहेत. हिब्रूची अक्षरं बावीस, म्हणून कडवी बावीस, आणि तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओळी. भाषांतरात हे दिसत नाही. शहर जळलं आहे, मुलं उपाशी मेली आहेत, आणि हा माणूस आपल्या भाषेच्या बाराखडीचा आधार धरून रडतो आहे. मला शिक्षक म्हणून ते फार जवळचं वाटलं. रडायला निदान काठ मिळतो. पहिलं अक्षर असतं आणि शेवटचंही असतं.

आणखी एक. या पुस्तकातली आशेची प्रसिद्ध वचनं, देवाची दया दर सकाळी नवी असते वगैरे, आम्ही भिंतीवर लावतो. ती तिसऱ्या अध्यायात, म्हणजे पुस्तकाच्या मध्यावर आहेत. त्यांच्यानंतर पुन्हा आक्रोश सुरू होतो, आणि पुस्तक संपतं ते देवानं आम्हाला अगदी टाकूनच दिलं की काय, या शंकेवर. आशा शेवटी येते असं आपण धरून चालतो. इथे ती मधेच येऊन जाते. आमच्या घरातही तसंच होतं. एखाद्या दिवशी ती स्वतःच्या हातानं घास घ्यायची आणि सगळं घर उजळायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चमचा खाली पडायचा.

ही हिब्रूतली गाऱ्हाणी साध्या मराठीत आणावीत म्हणून झटलेली एक बाई आपल्याकडे होऊन गेली. पंडिता रमाबाई. त्यांच्या सामाजिक कार्याविषयी पुष्कळ बोललं जातं, या कामाविषयी कमी. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी ऐन तारुण्यात दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. भावाबरोबर पायी देश पालथा घातला. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आत तेही पटकीनं गेले. पदरात तान्ही मनोरमा. वय तेवीस. पुढे इंग्लंडात १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याबद्दल आपल्या समाजानं त्यांना काय काय ऐकवलं ते सर्वश्रुत आहे. ज्या धर्मात त्या गेल्या तिथल्या अधिकाऱ्यांशीही त्यांचे वाद झाले. मुकाट मान डोलावणं हा त्यांचा स्वभावच नव्हता.

दौंडजवळच्या केडगावी त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं, ते १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींमुळे. दुष्काळानं जिचं घर संपवलं तिनं दुष्काळातल्या मुली गोळा केल्या. या मुलींना कळेल असं बायबल हवं, म्हणून संस्कृतची ही पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. प्रचलित भाषांतरातले जड, पंडिती शब्द काढून त्यांनी बायकांच्या तोंडची मराठी वापरायचं ठरवलं. छपाई केडगावलाच, आणि खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली. रमाबाईंना ऐकू येणं फार कमी झालं होतं. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, चाळिशीत. आईच्या मागे संस्था चालवायची ती तिनंच, असं धरलेलं होतं. त्यानंतर रमाबाई जेमतेम आठ-नऊ महिने जगल्या. पण भाषांतराचं काम त्यांनी पुरं केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात बाहेर आला.

मुलीच्या मृत्यूनंतर त्या कामाला बसत असतील तेव्हा त्यांच्या समोर कुठलं पान असेल, असा विचार माझ्या मनात येतो. ज्या बाईनं आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी लेक पोचवली, तिच्या हातून विलापगीतं आणि ईयोब मराठीत आले. दुःख हा आशीर्वाद आहे असं व्यासपीठावरून बोलणाऱ्यांचा मला आता कंटाळा येतो. पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा अशी साखळी सांगितली आहे. खरी आहे. पण पौल ते स्वतःच्या पाठीवरच्या वळांवरून बोलतो. शिवाय आपल्या देहात एक काटा आहे, तो काढ म्हणून मी तीनदा विनवलं आणि तो निघाला नाही, हेही तोच लिहून ठेवतो.

आता २०१६ च्या शिमग्याकडे येतो. त्या वर्षी योग असा आला की होळी २३ मार्चला आणि गुड फ्रायडे २५ मार्चला. हिंदूंचा शिमगा आणि आमचा ईस्टर दोन्ही पौर्णिमेच्या हिशेबानं येतात, त्यामुळे कधी कधी ते असे शेजारी येऊन बसतात. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन आम्ही ख्रिस्ती लोक उपासनेला बसतो आणि वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर चिंतन करतो. हिला रत्नागिरीला नेणं शक्य नव्हतं, म्हणून दोघंच पडवीत बसलो. काका सकाळी येऊन विचारून गेले होते. गुरुजी, पालखी आज आमच्या खळ्यात यायची आहे, तुमच्या प्रार्थनेला ढोलाचा त्रास होईल काय? मी म्हटलं, होऊ दे. खरं सांगायचं तर मनातून मला ते आवडलं नव्हतं.

मी चौथ्या उद्गारापाशी आलो होतो. माझ्या देवा, तू मला का टाकलंस, हा तो उद्गार. हे शब्द येशूचे स्वतःचे नाहीत. ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. म्हणजे मरताना त्याच्याजवळही तक्रारीचंच स्तोत्र होतं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी म्हटलेली तक्रार त्यानं आपल्या तोंडी घेतली. तेवढ्यात पलीकडे ढोल थांबले आणि गाऱ्हाणं सुरू झालं.

गाऱ्हाणं कोकणातल्या श्रोत्यांना समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. गावातला मानकरी ग्रामदेवतेसमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीनं बोलतो. अमक्याचं घर आजारात सापडलंय, तमक्याचा मुलगा मुंबईला कामाविना बसलाय, तुझी लेकरं आहेत, तू बघायला हवंस. यात आर्जव असतं आणि थोडी दटावणीही असते. दर वाक्याला जमलेली माणसं एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणतात. आपले संत विठ्ठलाशी भांडले ते याच हक्कानं. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या तुकोबांनी देवाला काय कमी ऐकवलं? देव आहे की नाही याची चर्चा करणारा माणूस गाऱ्हाणं घालत नाही. ऐकणारा कुणीतरी आहे असं धरल्याशिवाय तक्रार तोंडातून निघतच नाही. मला ईयोब जे सांगून समजला नव्हता ते त्या दुपारी कुंपणापलीकडून ऐकू आलं.

काकांनी गाऱ्हाण्यात आमच्या घराचं नाव घेतलं. शेजारची वहिनी दोन वर्षं मुकी आहे, असं काहीसं ते बोलले. पलीकडून 'होय म्हाराजा' उठलं. आणि माझ्या शेजारून, अगदी त्याच चालीत, थोडं उशिरा, जाड जिभेनं तेच शब्द आले.

मी पाहतच राहिलो. पुढच्या वाक्याला तिनं पुन्हा म्हटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसतही होती.

नंतर ताईंना विचारलं तर त्यांना आश्चर्य वाटलं नाही. जुळवून बोलायची वाणी गेली तरी गाणी, प्रार्थना, आकडे, सवयीचे जबाब अशा गोष्टी पुष्कळदा शिल्लक राहतात आणि अचानक बाहेर येतात, असं त्या म्हणाल्या. म्हणजे चमत्कार वगैरे काही नाही. पुढेही तिला फारसं बोलता आलं नाही. पाच-सहा शब्द आले, त्यांतला एक 'अहो'. पण त्या दिवसापासून संध्याकाळच्या वाचनाची रीत बदलली. मी स्तोत्राची ओळ वाचायचो आणि जिथे तक्रार असेल तिथे ती 'होय म्हाराजा' म्हणायची. आमच्या पाळकांच्या कानावर मी हे घातलं, जरा भीतभीतच. ते हसले आणि म्हणाले, 'आमेन'चा अर्थ तरी दुसरा काय आहे?

२०१८ च्या पावसाळ्यात ती गेली. दफन रत्नागिरीला केलं. काका टेम्पोत बसून सोबत आले, परत आले आणि आमच्या पडवीत बसले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पुन्हा आले, तंबाखूची चंची काढली, बसून राहिले, उठून गेले. त्यांनी ईयोबाचं नावही ऐकलेलं नाही. असे किती दिवस आले ते मी मोजलं नाही. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "गुरुजी, ते वाचायचं बंद केलंत काय? वाचा की. मी आहे बसलेला."

मी तिचं बायबल आणलं आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. वाचून झाल्यावर काकांच्या तोंडून सवयीनं निघालं, "होय म्हाराजा." मग त्यांनी चंची बांधली, छत्री उचलली, आणि उद्या येतो म्हणून गेले.